एका घरातील तीन इयत्ता

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत मी माझ्या भाच्याला एक शिक्षा केली होती. ती प्रथम सांगितली पाहिजे, कारण या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार तिच्यामुळे बराच कमी होतो, आणि वाचकांना ते आधीच ठाऊक असलेले बरे.

माझी धाकटी बहीण इंदूरहून लग्न होऊन बडोद्यास गेली. दांडिया बाजारात त्यांचे जुने घर आहे. सुटीत मी गेलो होतो आणि सवयीप्रमाणे मुलांना ओसरीवर बसवून मराठी वाचून घेत होतो. थोरला बारा वर्षांचा, सातवीत होता. शाळा गुजराती माध्यमाची, तेव्हा मराठी वाचन कच्चे असणार हे मी गृहीत धरलेच होते. पण तो दर तिसऱ्या शब्दाला अडखळू लागला. ‘भरून’ला ‘मरून’ म्हणाला, ‘धन’चे ‘घन’ केले. मी आधी हसलो, मग चिडलो, आणि तोच उतारा वीस वेळा लिहून आणण्यास सांगितले. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. आधी तो पट्टी घेऊन ओळभर शिरोरेखा आखून घेई, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षरे तिला टांगीत असे. दुसऱ्या दिवशी वीस प्रती माझ्यापुढे आल्या. अक्षर वळणदार होते. मी खूश झालो, त्याला शाबासकी दिली, वर थोडा उपदेशही केला. आपण जे लिहिले त्यातले निम्मे शब्दसुद्धा त्याला वाचता येत नव्हते. त्याने ती वीस पाने चित्रासारखी उतरवून काढली होती. हे मला कळायला पुढे सव्वा वर्ष जावे लागले. पंचवीसहून अधिक वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाची ही दृष्टी!

बहिणीच्या आणि त्या मुलाच्या संमतीने हा लेख लिहीत आहे. नावे देऊ नयेत एवढीच त्यांची अट होती, आणि ती योग्यच आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या काळाच्या हालअपेष्टा सर्वांनीच सोसल्या आहेत, त्यांची उजळणी नको. परंतु त्या बंद दारांआड अनेक आईबापांना आपली मुले प्रथमच शिकताना दिसली, हेही खरे. माझ्या बहिणीला ती दिसली स्वयंपाकघरालगतच्या एका मेजावर. थोरला तेरा वर्षांचा, आठवीत. मधली मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. धाकटा चार वर्षांचा, त्याचे शिक्षण म्हणजे दोघांच्या वह्यांवर रेघोट्या ओढणे. एका मोबाइलवर दोघांचे वर्ग पाळीपाळीने चालत. एके दिवशी थोरल्याच्या वर्गातील शिक्षिकेने त्याला धडा वाचण्यास सांगितले. मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली मधली मुलगी मान खाली घालून हळूच शब्द पुटपुटू लागली आणि तो ते ऐकून म्हणू लागला. ही युक्ती त्यांची आपापसांतली होती, कित्येक महिन्यांची. चौथीतली बहीण आठवीतल्या भावाला सावरून नेत होती, आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या रात्री बहिणीने मला फोन केला. म्हणाली, “दादा, याला वाचता येत नाही.” मी म्हणालो, “लक्ष नसेल.” मग ती काहीच बोलली नाही. त्या शांततेचा अर्थ मला आज कळतो.

२०२१ च्या आरंभी तिने त्याची तपासणी करून घेतली. आधी डोळे, मग कान, दोन्ही निर्दोष. त्यानंतर एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन बैठकांत त्याच्याकडून वाचन, लेखन, गणित, आकृत्यांची कोडी असे सर्व करवून घेतले. निष्कर्ष आला तो असा, की बुद्धी सर्वसाधारण, तोंडी आकलन चांगले. परंतु वाचन तिसरीच्या पातळीवर अडलेले. विशिष्ट अध्ययन अक्षमता, आणि तिच्यातही मुख्यतः डिस्लेक्सिया.

या शब्दाविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे ही सारी श्रीमंतांच्या मुलांची निमित्ते होत. दुसरा समज २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आल्यावर पसरला; तो असा, की अशा प्रत्येक मुलाच्या अंगी एक चित्रकार दडलेला असतोच. आमच्या थोरल्याची चित्रकला अगदी बेताची आहे. त्याने काढलेला घोडा पाहून धाकट्याने विचारले होते, ही म्हैस कुणाची? तेव्हा दोन्ही समज बाजूला ठेवलेले बरे. डिस्लेक्सिया म्हणजे दृष्टिदोष नव्हे, मंदबुद्धी नव्हे, आळस तर नव्हेच. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करून त्यांना अक्षरांशी जोडण्याचे जे काम बहुतेकांच्या मेंदूत काही वर्षांच्या सरावाने आपोआप होऊ लागते, ते अशा मुलांच्या मेंदूत आपोआप होत नाही. प्रत्येक शब्द त्यांना दर वेळी नव्याने सोडवावा लागतो. हे पुष्कळदा घराण्यात चालत आलेले असते. पुढे विचारता असे निघाले की मुलाच्या आजोबांचे एक भाऊ चौथीतून शाळा सोडून पळाले होते आणि जन्मभर सहीपुरते लिहीत होते. घरात त्यांची ओळख ‘उनाड काका’ अशी होती.

ही ओळखही काही आजची नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात पुढे, परंतु वाचता येत नाही. त्याच्या शिक्षकाचे मत त्यात नोंदलेले आहे. सर्व शिकवणे तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, अशा आशयाचे ते आहे. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मास्तराला जे दिसले, ते मला २०१९ मध्ये दिसले नाही.

आपल्या लिप्यांची म्हणून काही खास गाऱ्हाणी आहेत, ती मराठीचा शिक्षक या नात्याने सांगतो. इंग्रजीत मुळाक्षरे सव्वीस, पण स्पेलिंगचे जंगल. आपल्याकडे उच्चार आणि अक्षर यांचे नाते सरळ आहे, परंतु अक्षरांचा पसारा फार मोठा. चौतीस व्यंजनांची बाराखडी केली तरी चारशेवर आकृत्या होतात, जोडाक्षरे निराळीच. त्यात ऱ्हस्व वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची मागाहून. रफार उच्चारायचा आधी आणि लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आपण हे इतक्या लहानपणी गिळलेले असते की त्यात काही विचित्र आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. बडोद्याच्या मराठी मुलापुढे तर एकाच वेळी तीन लिप्या असतात. घरी देवनागरी, शाळेत गुजराती, आणि दोन्हीकडे इंग्रजी. गुजरातीत शिरोरेखा नाही. तिथला ‘र’ आणि दोनाचा अंक जवळजवळ एकसारखे, ‘प’ आणि पाचाचा अंक एकसारखे. ज्या मुलाला एकाच लिपीतली अक्षरे निसटतात, त्याची या तिहेरी गर्दीत काय अवस्था होत असेल!

त्या बाईंनी सांगितले, की एका वेळी एकच लिपी धरा. कोणती, ते तुम्ही ठरवा.

यावरून घरात जे झाले ते आपल्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घरात ते कोणत्या ना कोणत्या रूपात झालेले आहे. मुलाची आजी म्हणाली, मराठी सुटली तर घर सुटले. मेहुणे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. ते म्हणाले, इथे राहायचे, इथे कमवायचे, गुजराती आली पाहिजे. मी एम. ए. मराठी. माझे मत काय असणार हे उघड होते, आणि मी ते फोनवरून आवेशाने मांडले. बहिणीने सर्वांचे ऐकून घेतले आणि मग मुलाला विचारले. ते आमच्यापैकी कुणालाच सुचले नव्हते. तो म्हणाला, गुजराती. कारण त्यातली निम्मी अक्षरे मला येतात. आठ वर्षे त्या लिपीशी झुंजून त्याने जी निम्मी अक्षरे मिळवली होती ती टाकून द्या असे मी त्याला सांगत होतो, हे त्या वाक्यानंतर माझ्या लक्षात आले. गुजराती ठरली. मराठी कानांवर राहिली. आजी रोज रात्री अर्धा तास वाचून दाखवीत असे. ऐतिहासिक कादंबऱ्या, दिवाळी अंकांतल्या गोष्टी, कधी वर्तमानपत्रातले अग्रलेखसुद्धा. आज त्या मुलाचे मराठी बोलणे आमच्या इंदूरच्या कित्येक पदवीधरांपेक्षा शुद्ध आहे, आणि ते त्याने कानाने मिळवलेले आहे.

शाळेचा विषय मी थोडक्यात आटोपतो. आठवीपर्यंत त्याला वर चढवीत नेलेले होते. नववीच्या तोंडाशी शाळेने सुचवले, की दाखला घेऊन जावे. दहावीच्या निकालाचा प्रश्न आहे. अहवाल दाखवला असता तो चाळून परत दिला गेला. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा प्रसंगी माझ्या शाळेने याहून चांगले वर्तन केले असते, असे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. कायदा मुलाच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ स्वतंत्रपणे नोंदली गेली. परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा, आणि या मुलाला त्याच वर्षी चौदावे पूर्ण होत होते. भांडावे, अर्ज करावे, हे सर्व शक्य होते. मी तसे सुचवलेही. बहीण म्हणाली, “भांडण जिंकून त्याला पुन्हा त्याच बाकावर बसवायचे ना? तो सकाळी उलट्या करतो, दादा, शाळेचे नाव काढले की.” जून २०२१ मध्ये तिने दाखला घेतला. एका दुकानात ती हिशेबाचे काम करीत असे, तेही सोडले.

येथे एक गोष्ट मनात येते. ज्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड केला, त्याच बडोद्यातील एका घराने मूल शाळेतून काढल्याची हकीकत मी एक सरकारी मुख्याध्यापक लिहीत आहे. मला हे लिहिताना सुख होत नाही. मात्र हेही आठवावे, की १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून जो गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाण्यासाठी बडोद्यास आणला गेला, तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहितावाचता येत नव्हते. त्याचे कारण निराळे होते, संधी मिळाली नव्हती एवढेच. तरीही उशिरा आरंभ करणाऱ्याला या शहराने एकदा वेळ दिलेला आहे.

आता घरच्या शाळेविषयी.

पहिला महिना संपूर्ण फसला. बहिणीने सहा तासांचे वेळापत्रक भिंतीला लावले आणि तिघांना एकाच मेजावर बसवले. शाळेतून सोडवलेल्या मुलासाठी तिने घरात शाळाच मांडली होती. तोंडी हिशेबात तो बिनचूक असे. परंतु तेच गणित शब्दांत लिहून दिले की पेन खाली ठेवी. एकदा वैतागून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. चौदा वर्षांचा, तिच्याहून उंच झालेला मुलगा. तो काही बोलला नाही, गच्चीवर जाऊन बसला. ही गोष्ट तिनेच मला सांगितली आणि लेखात घालावी असेही सांगितले.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपाय सांगितला होता तो असा, की अक्षर डोळ्यांनी पाहताना, तोंडाने उच्चारताना, त्याच वेळी बोटांनी गिरवले पाहिजे. म्हणजे जी वाट एका इंद्रियाने सापडत नाही ती अनेकांच्या मदतीने सापडते. अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड यांनी अशी पद्धत मांडून १९४३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधी मॉंटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे केली होती. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्या पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत आणि मोठ्याने म्हणत. आपण त्या शाळांना हसत आलो. छडीपुरते हसणे योग्यच होते, परंतु छडीबरोबर धूळपाटीही टाकून दिली.

बहिणीने परातीत रवा पसरला. थोरल्याने ती परात पाहिली, आणि धाकट्याकडे पाहिले, आणि तो उठून गेला. हीच या प्रश्नाची खरी गाठ आहे, आणि ती कुठल्या पुस्तकात सुटलेली मला आढळली नाही. जे चौथ्या वर्षी शिकायचे ते चौदाव्या वर्षी शिकायचे, आणि तेही चार-पाच वर्षांच्या भावाच्या आणि दहा वर्षांच्या बहिणीच्या देखत. एकटाच मुलगा असता तर गोष्ट सोपी होती. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला रव्यात ‘क’ काढायला सांगणे म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

तोड निघाली ती ठरवून नव्हे. धाकट्याला परात फार आवडली. रवा जमिनीवर, केसांत, सगळीकडे. वैतागून बहीण थोरल्याला म्हणाली, याला तू बघ, मला पोळ्या करायच्या आहेत. तो बसला. धाकट्याचे बोट आपल्या बोटात धरून त्याने अक्षर काढले आणि मोठ्याने म्हटले. मग पुढचे. स्वयंपाकघरातून ती कानोसा घेत होती. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा पोळ्या करायच्या होत्या, तिसऱ्या दिवशीही. सुमारे पाच महिने थोरला रोज धाकट्याला शिकवीत होता, आणि शिकवण्याच्या निमित्ताने स्वतः ती सारी मुळाक्षरे, सारी बाराखडी बोटांनी गिरवून जात होता. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक धाकट्याला सांगताना तो त्याला स्वतःला सापडला. शिकवणाऱ्याची अब्रू राखून त्याला शिकवता येते, हे मी शिक्षक असून मला नवीन होते.

वस्तुतः नवीन नव्हते. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. कारण आदिवासी घरांतील थोरली मुले धाकट्यांना कडेवर घेऊन येत, आणि धाकट्याची सोय झाल्याविना थोरल्याचे शिक्षण होणे नव्हते. त्याच ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या, आणि १९२६ साली निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचे काम एका गुजराती आणि एका मराठी शिक्षकाने मिळून वाढवले. मी हे सर्व परीक्षेपुरते वाचलेले होते.

तथापि ही युक्ती फार दिवस निर्वेध चालली नाही. मधली मुलगी सर्व पाहत होती. एका दुपारी थोरला धाकट्याला गोष्ट वाचून दाखवीत असता एका शब्दावर चुकला. तिने पलीकडून दुरुस्त केले. पुन्हा चुकला, पुन्हा तिने दुरुस्त केले. मग ती धाकट्याला म्हणाली, “तू माझ्याकडे ये, दादाला स्वतःलाच येत नाही.” थोरल्याने पुस्तक भिंतीवर फेकले. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. धाकटा परात घेऊन त्याच्या दाराशी बसून राही.

बहिणीने मुलीला रागे भरले. तेव्हा ती मुलगी रडत म्हणाली, “मला पण वाचायचे विसरायचे आहे. म्हणजे तू माझ्याजवळ पण बसशील.”

या वाक्यापाशी मी वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. घरात एका मुलाला अडचण असली की सारे घर त्याच्याकडे धावते आणि ज्याला अडचण नाही ते मूल एकटे पडते. जी मुलगी वर्षभर मान खाली घालून भावाला शब्द पुरवीत होती, तिचे कौतुक कुणी केले नव्हते. उलट ती युक्ती उघडकीस आली तेव्हा फसवणूक म्हणून तिलाच बोलणी बसली होती. तिच्या वर्गात ती पहिली येत होती, आणि ते सांगायचेही तिला चोरटे वाटू लागले होते.

त्यानंतर घरची घडी बदलली. थोरल्याचा वाचनाचा तास पहाटे साडेपाचला, बाकीचे झोपेत असताना. चाळीस मिनिटे, त्याहून एकही अधिक नाही, कारण त्यापुढे तो थकतो आणि अक्षरे पुन्हा नाचू लागतात. मधलीची शाळा २०२१ च्या अखेरीस उघडली. ती परत आल्यावर सायंकाळचा पाऊण तास फक्त तिचा, आणि त्या वेळी थोरल्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. मधला सर्व वेळ कामाचा. भाजी मंडईतून आणणे आणि हिशेब देणे, सायकल खोलून जोडणे, आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, उत्तरायणाच्या आधी दोघा भावंडांना पतंगाची कण्णी बांधायला शिकवणे. या शेवटच्या विषयात तो घरातला निर्विवाद मुख्याध्यापक होता. पतंगाची कण्णी मधलीला अजूनही नीट बांधता येत नाही, आणि ते सर्वांच्या पथ्यावर पडले आहे असे माझे मत आहे.

मेहुण्यांचा विरोध बराच काळ टिकला. ते वाईट गृहस्थ नव्हेत. एक पगार बंद झाला होता, आणि नातेवाईक विचारीत की मुलगा कितवीत आहे, त्याला उत्तर नव्हते. त्यांना उत्तर मिळाले ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाचा एक उपक्रम म्हणून तिचा आरंभ झाला, १९८९ मध्ये ती स्वतंत्र झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीसाठी नाव घालता येते. पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत गणित वा इंग्रजीची सक्ती नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येतो, सुटलेल्या विषयाचे गुण राखून ठेवले जातात. गुजराती, मराठी, हिंदी अशी माध्यमे आहेत. ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेवर काढून नाव घालतेवेळीच सवलतींचा अर्ज जोडावा. जादा वेळ आणि लेखनिक या सवलती मिळतात, परंतु परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून नव्हे.

२०२२ मध्ये थोरल्याचे नाव घातले. पाठ्यपुस्तके तो वाचू शकत नव्हता. वाचू लागला होता, परंतु पानास अर्धा तास लागे. म्हणून बहिणीने धडे मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. रात्री सर्व निजल्यावर, कुकर, टीव्ही, धाकटा यांचे आवाज थांबल्यावर. तो गच्चीवर फेऱ्या मारीत ते ऐके. एका धड्यात मध्येच आजीचा खोकला आहे. तो म्हणतो, खोकल्यानंतर जे येते ते मला पाठ आहे. लेखनिक घेण्यास त्याने पहिल्या वेळी साफ नकार दिला. आपल्याहून लहान मुलाने आपल्यासाठी लिहावे, हे त्याला पुन्हा त्या परातीसारखेच वाटले. आम्ही कोणी आग्रह केला नाही. एप्रिल २०२३ मध्ये दोन विषयांना बसला. व्यवसाय अध्ययन सुटला, गुजराती गेला. पुढच्या खेपेस त्याने स्वतः होऊन लेखनिकाचा अर्ज भरला. गुजराती सुटली, मग गृहविज्ञान, मग गणित. सामाजिक विज्ञान दोनदा गेले आहे. पेपर लांब, प्रश्न लांब.

हे सर्व यशाची कथा म्हणून कुणी वाचू नये. त्याचे वाचन आजही संथ आहे आणि संथच राहणार. घराचे चार-पाच वर्षांचे उत्पन्न बुडाले, बहिणीच्या केसांत पांढरे दिसू लागले. तिच्याजवळ हिशेबाची चिकाटी होती, घरात वाचून दाखवणारी सासू होती, नवरा कुरकुरला तरी पगार आणून देत होता. ज्या घरात आई दिवसभर धुणीभांडी करते तिथे हे कसे व्हावे? म्हणून मुलांना शाळेतून काढा असे मी कुणालाही सांगणार नाही. शाळेनेच हे करावे, असेच माझे मत आहे. बडोद्याहून परतल्यावर मी माझ्या शाळेत सातवीच्या मुलांना एकेक करून माझ्या खोलीत बोलावले. नवा उतारा, शेजारी कुणी नाही, घाई नाही. चार मुले अशी निघाली की जी वर्गाच्या सुरात सूर मिसळून म्हणत होती. त्यांतल्या एकाचे अक्षर शाळेत सर्वांत सुंदर होते. मी त्याच्या वहीवर कितीदा ‘उत्तम’ लिहिले होते ते उलटून पाहिले.

भाच्याला आता अठरा पूर्ण झाली. दुपारी तो एका दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात जातो, पहाटेचा तास अजून चालू आहे. मधली आता त्याचे प्रश्नसंच तपासते, आणि त्याबद्दल मोबदला म्हणून तिची सायकल नेहमी चकचकीत असते. धाकट्याला आपल्या थोरल्या भावाला कधी वाचता येत नव्हते हे खरेच वाटत नाही. दादानेच तर मला शिकवले, असे तो म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याचे पत्र आले. मामाला फोन चालणार नाही, पत्रच लिहिले पाहिजे, असा माझा जुना हट्ट घरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच्याकडून मी कधी पत्राची अपेक्षा केली नव्हती. कागदाची एक बाजू. भाषा मराठी, अक्षरे गुजराती. शिरोरेखा कुठेच नाही. मला गुजराती सावकाश वाचता येते, तेव्हा एकेक अक्षर जुळवीत ते पत्र वाचायला मला पंधरा मिनिटे लागली. एका ठिकाणी ‘र’ आहे की दोनाचा अंक, ते दोनदा पाहावे लागले. त्याने लिहिले होते की सामाजिक विज्ञानाची परीक्षा पुन्हा देणार आहे, त्यातील १८५७ चे प्रकरण फोनवर सांगितलेत तर बरे होईल, आजीचा गुडघा दुखतो, आणि दिवाळीला याल तेव्हा तुमच्या स्कूटरचा ब्रेक पाहून देतो म्हणालो होतो, पण तुम्ही रेल्वेने येणार असाल तर राहू द्या.